साडूचं फुकटचं पार्किंग

मास्तरांना साडूचा राग यायचा असं म्हणणं काही बरोबर नाही. राग आला की माणूस दोन शब्द बोलतो आणि मोकळा होतो. मास्तरांना मोकळं होताच येत नव्हतं. साडूचं नाव निघालं की त्यांच्या पोटात, बरगडीच्या जरा खाली, दुखायला लागायचं. आणि नाव तर रोज निघायचं, कारण ते काढणारी घरातच होती.

बायको वाईट नव्हती. धाकट्या बहिणीशी रोज फोनवर बोलायची आणि जेवताना तो सगळा वृत्तांत नवऱ्याच्या ताटात वाढायची, एवढंच. धाकटीच्या नवऱ्यानं काज करायचं नवीन मशीन आणलं. धाकटीच्या नवऱ्यानं दुकानाच्या भिंती स्वतः रंगवल्या. रविवारी तो धाकटीला स्वयंपाकघरात पाऊल ठेवू देत नाही, म्हणतो आज तू नुसती बस. हे सांगताना ती मास्तरांकडे बघायचीही नाही. समोरच्या भिंतीकडे बघायची, आणि त्या भिंतीला टेकून साडूच उभा असावा असे तिचे डोळे मऊ व्हायचे. मास्तरांना जगाकडून फार काही नको होतं. त्या डोळ्यांनी बायकोनं एकदा आपल्याकडे बघावं, एवढंच त्यांना हवं होतं. ते मिळत नव्हतं, म्हणून ते साडूचा विषय निघाला की मान खाली घालून घास मोजल्यासारखे जेवायचे आणि एक शब्द कानात जाऊ द्यायचे नाहीत.

बरं, हा साडू परका असता तरी एक वेळ चाललं असतं. तो त्यांच्याच हाताखाली शिकलेला. सुई कुठल्या बोटानं ढकलायची इथपासून मास्तरांनी त्याला शिकवलं होतं. दुकानात काम करता करता त्यानं मास्तरांच्या मेहुणीला कधी पटवलं ते खुद्द मास्तरांनाही कळलं नाही, आणि जुळवाजुळव केली ती बायकोनं. लग्नाआधी तो 'मास्तर, मास्तर' करायचा. लग्नानंतर 'साडूभाऊ' म्हणायला लागला, आणि शेजारच्या गावात स्वतःचं दुकान थाटून बसला. तिथले लोक आता त्यालाच मास्तर म्हणतात, हे किल्लीवाल्यानं सांगितलं त्या दिवशी मास्तरांनी चांगलं रेशमी अस्तर उलटं कापलं.

आता, शिकवणाऱ्यापेक्षा शिकणाऱ्याचं दुकान जास्त का चालावं? हात तर मास्तरांचाच सरस होता. कोटाचा खांदा बसवावा तर त्यांनीच. तेव्हा कारण दुसरं काहीतरी असणार, आणि ते कारण मास्तरांना दुकानाच्या काचेतून रोज समोर दिसायचं. ते लोखंडाचं होतं, माणसाएवढं उंच होतं आणि त्याच्या तोंडात नाणी टाकावी लागत.

मास्तरांचं दुकान पंचक्रोशीचा कारभार बघणाऱ्या परिषदेच्या वाहनतळाला लागून होतं. त्या ओळीत औषधांचं दुकान, किल्लीवाला, बेकरी, आणखी चार-सहा दुकानं. सगळ्यांचं गिऱ्हाईक गाडीनं यायचं, कारण आसपासच्या वाड्यावस्त्यांतून यायला दुसरा मार्गच नव्हता. गाडी लावायची, मशीनमध्ये पैसे टाकायचे, तासाची पावती काचेमागे ठेवायची. तास उलटला की पावती तपासणारा माणूस कुठल्याशा खांबाआडून निघायचा आणि दंडाचा कागद वायपरखाली सारून जायचा. औषध घ्यायला तास लागत नाही. किल्ली करायलाही नाही. पण कोटाची ट्रायल घाईत होते का? मास्तर गळ्यात टेप टाकून, तोंडात टाचण्या धरून पाठीमागे उभे, आणि गिऱ्हाईकाची मान आरशाकडे नाही, घड्याळाकडे. एकदा तर एक गृहस्थ पावती संपली म्हणून एक बाही अंगात आणि दुसरी टाचण्यांवर लोंबकळत अशा अवस्थेत मशीनकडे धावत गेले. पाठीवर खडूच्या रेघा. परत आले तेव्हा टाचण्यांनी दंडाला ओरखडे काढले होते, आणि ते पुन्हा कधी आले नाहीत.

साडूच्या गावातला वाहनतळही परिषदेचाच. पण तिथे मशीन नव्हतं. फुकट. दिवसभर लावा, कोणी विचारणार नाही. मास्तर एकदा कामाच्या दिवशी बटणं आणायला त्या बाजूनं गेले होते तेव्हा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं: साडूच्या दुकानाच्या दारापासून गाड्यांची रांगच्या रांग. बोनेट उन्हात चमकताहेत. मास्तर आत गेले नाहीत. कोपऱ्यावरूनच वळले. घरी आले आणि जेवले नाहीत.

"पोट दुखतंय का?" बायकोनं विचारलं.

"पोटाला काय होतंय," मास्तर म्हणाले.

म्हणून परिषदेनं जेव्हा जाहीर केलं की हद्दीतल्या सगळ्या वाहनतळांचे दर आता नव्यानं आणि न्यायानं ठरवले जातील, त्यासाठी नागरिकांनी सभेला यावं, तेव्हा मास्तर इस्त्री केलेला कोट घालून पहिल्या रांगेत जाऊन बसले. सभागृहात पंखे गरगरत होते आणि व्यासपीठावर परिषदेच्या एक बाई बसल्या होत्या. मास्तर उभे राहिले.

"एकाच परिषदेची दोन गावं," ते म्हणाले. "आम्ही पैसे भरायचे आणि पलीकडच्यांनी फुकट लावायचं. आम्हालाच ही सावत्र वागणूक का?"

टाळ्या पडल्या. औषधवाल्या बाईंनी तर मागून 'बरोबर!' अशी हाळी दिली. मास्तरांना भरून आलं. आपण न्यायासाठी बोलतोय असं त्यांना त्या क्षणी अगदी मनापासून वाटत होतं. आपला दर गेला पाहिजे असं ते मनाशी म्हणत होते, आणि साडूला बसला पाहिजे हे त्याहून मोठ्यानं म्हणत होते, पण दोन्ही आवाज इतके एकात एक मिसळले होते की त्यांना वेगळे ऐकू येईनात.

परिषदेच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "वागणूक सगळ्यांना सारखीच मिळेल. पुढच्या आठवड्यात आमची माणसं प्रत्येक वाहनतळावर रोज सकाळी फेरी मारतील. जो तळ बहुतेक भरलेला दिसेल तिथे दर लागेल. जो अर्ध्याहून रिकामा दिसेल तो फुकट. गर्दी असेल तिथे पैसे, नसेल तिथे नाही. याहून सरळ काय असतं?"

सभा संपली. मंडळी पायऱ्यांवर घुटमळली. आपला तळ काही रिकामा दिसणार नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. अर्ध्या जागा तर दुकानदारांच्या स्वतःच्याच गाड्यांनी अडलेल्या, महिन्याचा पास काढून.

"मग आपल्याच गाड्या हलवायच्या," मास्तर म्हणाले.

"कुठे हलवायच्या?" किल्लीवाल्यानं विचारलं.

हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून मास्तर थांबलेच होते. त्यांनी शेजारच्या गावाचं नाव घेतलं. इथून गाड्या काढल्या की आपला तळ रिकामा दिसेल, आणि त्याच तिथे नेऊन लावल्या की तो भरलेला दिसेल. तिथलं फुकट इकडे येईल आणि इथलं मशीन तिकडे जाईल. किल्लीवाला त्यांच्याकडे बघतच राहिला. औषधवाल्या बाई म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही कपडे शिवण्यात आयुष्य फुकट घालवलंत हो." कौतुकानंच म्हणाल्या त्या.

सोमवारी सकाळी उजाडता उजाडता ओळीतल्या सगळ्या दुकानदारांच्या गाड्या एकामागोमाग एक निघाल्या. मास्तरांनी आपल्या दोन चुलतभावांनाही कामाला लावलं होतं. साडूच्या गावात पोचून मोकळ्या जागा पटापट भरल्या आणि मंडळी बेकरीवाल्याच्या पाव पोचवून रिकाम्या झालेल्या टेम्पोत बसून परत आली. अंगाला पिठाचा पांढरा हात लागलेला, आणि तोंडावर शाळा चुकवलेल्या पोरांचा आनंद.

एक अडचण होती. त्याच गाड्या त्याच जागी आठवडाभर दिसल्या तर मोजणाऱ्याला संशय येईल. तेव्हा रोज कोणीतरी जाऊन त्यांची अदलाबदल करायला हवी. सगळ्यांच्या गाड्यांच्या किल्ल्या कोणाकडे द्यायच्या, यावर विचार करायची गरजच नव्हती. किल्लीवाल्यानं त्या एका मोठ्या कड्यात ओवल्या आणि कमरेला लटकवल्या. रोज सकाळी तो टेम्पोतून जायचा, निळी गाडी पांढऱ्याच्या जागी, पांढरी कोपऱ्यात, असा खेळ करायचा आणि परत यायचा. निदान पहिल्या दिवशी तरी वेळेवर आला.

"आपली गाडी कुठेय?" बायकोनं सोमवारी विचारलं.

"गॅरेजला दिलीय. ब्रेक जरा सैल वाटत होते."

त्या आठवड्यात मास्तर दहा वर्षांनी लहान झाले. काचेतून बघावं तर समोर ऐसपैस रिकामी जागा. गिऱ्हाइकांना त्यांनी दुपारनंतरच यायला सांगून ठेवलं होतं. परिषदेची मोजणारी बाई सकाळी यायची, तळाभोवती एक चक्कर मारायची आणि जाताना तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसायचं. मास्तर आत मशीनवर पाय मारत गुणगुणायचे.

फक्त किल्लीवाला दिवसेंदिवस उशिरा यायला लागला. मंगळवारी जेवणाच्या वेळेला आला. बुधवारी तर पार दुपार कलल्यावर.

"एवढा वेळ काय करत होतास?"

"तुमच्या साडूकडे बसलो होतो," किल्लीवाला म्हणाला. "मला गाड्यांत शिरताना बघितलं त्यानं. म्हणाला, तुम्ही साडूभाऊंच्या ओळीतले ना? ओढत आत घेऊन गेला. चहा पाजला. माझी ही पँट खालून उसवली होती, ती बसल्या बसल्या शिवून दिली. बघा, काय टाका आहे!" त्यानं तंगडी पुढे केली.

मास्तरांनी टाका बघितला. त्यांचाच टाका होता तो. त्यांनीच शिकवलेला, वळताना दोरा जरा आवळून घ्यायचा तो. पण ही पँट इतकी वर्षं आपल्या दुकानासमोरून उसवलेली फिरत होती आणि आपण कधी तिला हात लावला नव्हता, हे त्यांच्या लक्षात आलं. बरगडीखाली कळ आली.

"तू त्याला काय सांगितलंस?" त्यांनी घाबरून विचारलं.

"कशाबद्दल?"

"गाड्यांबद्दल."

"मी कशाला काय सांगतोय," किल्लीवाला म्हणाला, पण दुसरीकडे बघत म्हणाला. "माणूस मात्र लाखात एक हो तुमचा साडू. तुम्ही कधी बोललाच नाहीत."

मास्तरांनी खडू उचलला आणि कापडावर इतका दाबून ओढला की तो मोडला. त्याच्या गावात जाऊन त्याच्यावर दर बसवायचा डाव रचावा, तर डावातलाच भिडू त्याची आरती ओवाळत परत येतो. शुक्रवारी बेकरीवालाही म्हणाला, "तुमच्या साडूनं पाव चांगले फुगलेत म्हणून सांगितलं." त्याचे पाव रोज खाणाऱ्या मास्तरांनी असं कधी सांगितलं नव्हतं. आता काय, पावाचंही कौतुक करायचं राहिलं होतं का? बसू दे दर, मास्तर मनात म्हणाले. एकदा ते मशीन दारासमोर उभं राहिलं की चहा पाजायला गिऱ्हाईक कुठून आणतो ते बघतोच.

निकाल लागला तेव्हा सभागृहात त्यांना खुर्चीत बसवेना. परिषदेच्या बाईंनी एकेका गावाचा दर वाचला. मास्तरांच्या गावचा तळ: फुकट. शेजारच्या गावचा तळ: तासाप्रमाणे दर. मागच्या रांगांत त्या गावचे काही दुकानदार हात उडवत ओरडायला लागले, हा अन्याय आहे, आमचा तळ निम्मा तरी मोकळा असतो. साडू त्यांच्यात भिंतीला टेकून उभा होता. तो ओरडत नव्हता. त्यानं मास्तरांकडे बघितलं आणि मान लववली. मास्तरांनी नजर वळवली. बिचाऱ्याला धक्का बसलाय, त्यांना वाटलं, आणि ते इतके खूश होते की त्यांना त्याची थोडी दयासुद्धा आली. घरी जाताना त्यांनी बायकोसाठी बिस्किटांचा पुडा घेतला.

परिषदेची माणसं आली, त्यांनी मशीन उपटलं आणि ट्रकमध्ये आडवं टाकून नेलं. तिथे सिमेंटमध्ये चार भोकं तेवढी राहिली. दुसऱ्या दिवशी मास्तर लवकर दुकानात आले. आता गिऱ्हाईक निवांत येईल, आरशात बघेल, हात वर करेल, खाली करेल. त्यांनी ट्रायलच्या खोलीत एक जादा खुर्चीही मांडून ठेवली.

तळ भरलेला होता. काठोकाठ. एकही जागा नाही.

मास्तरांना आधी आनंदच झाला. एवढं गिऱ्हाईक! मग त्यांनी बघितलं की गाड्यांतून उतरलेली माणसं दुकानांकडे येतच नव्हती. हातात डबे, खांद्याला बॅगा. ती सरळ पलीकडच्या बस थांब्याकडे चालली होती. शहरात कामाला जाणारी मंडळी ती. आजवर शेजारच्या गावात गाडी फुकट लावून तिथून बस पकडायची. आता तिथे पैसे पडतात म्हटल्यावर इकडे आली. संध्याकाळी परत येणार, तोवर गाडी हलणार नाही.

अकराच्या सुमारास मास्तरांच्या नेहमीच्या गिऱ्हाईकबाई आल्या. त्यांनी तळाला एक फेरी मारली, दुसरी मारली, काचेतून मास्तरांकडे बघून हात पसरले आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी तसंच. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. म्हातारी माणसं तर लांबच्या रस्त्यावर गाडी लावून चालत यायला तयारच नव्हती. औषधवाल्या बाई दुकानाच्या दारात कंबरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि मास्तर दिसले की आत जायच्या. पूर्वी निदान तासाभरानं जागा रिकामी व्हायची हे आता सगळ्यांना आठवत होतं. कोणी बोलून दाखवत नव्हतं एवढंच. ती जादा खुर्ची मास्तरांनी माळ्यावर टाकली.

बटणं आणायला गेले होते त्या दिवशी साडूच्या दाराशी लागलेली रांग याच माणसांची होती हे कळायला मास्तरांना हे सगळं व्हावं लागलं. ते गिऱ्हाईक नव्हतंच. ज्या बोनेटांवर ते इतके दिवस जळत होते ती साडूच्या गळ्यातली धोंड होती. ती त्यांनी सोडवली, उचलली आणि इथे आपल्या दारात आणून ठेवली. आपल्याच हातांनी. आणि बेकरीच्या टेम्पोत बसून.

रविवारी साडू आणि धाकटी घरी आले. न कळवता आले. साडूच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि दारात पाऊल टाकल्या टाकल्या तो मास्तरांच्या पायाशी वाकला. मास्तर मागे सरकले, सोफ्याला अडखळले.

"अरे, हे काय!"

"वाकू द्या, साडूभाऊ. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते सख्खा भाऊ करणार नाही."

बायको स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "काय केलं ह्यांनी?"

साडू बसला, आणि बोलायला लागला तो धाकटीनं चहा आणून ठेवला तरी थांबेचना. "ताई, तुम्हाला तर माहितीच आहे. माझ्या दुकानासमोरच्या सगळ्या जागा बस पकडणाऱ्यांनी सकाळीच अडवलेल्या. गिऱ्हाइकानं लावायची कुठे? तळाच्या पार टोकाला, जिथे खड्डे आहेत. कोटाचं गिऱ्हाईक तर संपलंच होतं, नुसत्या पँटी आखूड करून पोट भरत होतो. परिषदेत जाऊन मीच विनवलं होतं की आमच्याकडे दर लावा. ते म्हणाले, तुमचा तळ भरत नाही, दर कशाला लावायचा? आणि गावात हे बोलायचीही चोरी. मीच दर मागतोय कळलं असतं तर शेजाऱ्यांनी मला फाडून खाल्लं असतं. आणि मग एका सोमवारी बघतो तर तळाच्या टोकापर्यंत गाड्या! तुमचा किल्लीवाला सापडला. काही सांगेना. चहा पाजला तेव्हा म्हणाला, मास्तरांनी लावायला लावल्यात, तुमचा तळ भरलेला दिसावा म्हणून."

मास्तरांनी दाराकडे बघितलं.

"एवढंच नाही," साडू पुढे सरकून म्हणाला. "परवा मी तुमच्या ओळीवरून गेलो. तुमचा तळ बघितला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुम्ही गाड्या आमच्याकडे आणल्यात, म्हणून तुमचा रिकामा दिसला. तो फुकट झाला की बस पकडणारे तिथेच येणार, हे तुमच्यासारख्या जुन्या दुकानदाराला कळत नसेल? सगळं कळून सवरून तुम्ही तो धोंडा स्वतःच्या पायावर घेतलात. माझ्यासाठी."

"तसं काही नाही रे," मास्तर म्हणाले. आयुष्यात इतकं खरं वाक्य ते क्वचितच बोलले असतील.

"बघा, अजूनही कबूल करत नाहीत!" धाकटी म्हणाली आणि तिनं डोळ्यांना पदर लावला.

बायको अजून उभीच होती. "मी ह्यांना सांगितलं होतं," ती सावकाश म्हणाली. "धाकटीकडे त्या गाड्यांचा किती त्रास आहे ते. जेवताना सांगितलं होतं. मला वाटायचं, हे ऐकतच नाहीत. मान खाली घालून जेवत असतात." मग तिला आठवलं. "आणि मला म्हणाले, गाडी गॅरेजला दिलीय!"

ती मास्तरांकडे बघत होती. भिंतीकडे नाही. सरळ त्यांच्याकडे, आणि त्याच डोळ्यांनी. मास्तरांनी ती नजर तत्काळ ओळखली. वर्षानुवर्षं तिरप्या डोळ्यानं बघितलेली, दुसऱ्याच्या नावावर गेलेली ती नजर आता पहिल्यांदा त्यांच्या अंगावर पडली होती, आणि त्यांना हातपाय कुठे ठेवावेत ते कळेना.

सांगून टाकावं का? त्यांनी तोंड उघडलं. मी तुझं वाटोळं करायला निघालो होतो बाबा, असं म्हणायचं होतं. बायको तशीच बघत होती.

"चहा घे," ते साडूला म्हणाले. "गार होतोय."

साडूनं कागद सोडला. आत एक कोट होता, राखाडी, त्यानं स्वतः शिवलेला. मास्तरांना घालायला लावला. खांदा असा बसला होता की मास्तरांना त्यात खोड काढायला जागाच मिळाली नाही, आणि माप न घेता शिवलेला होता. "तुमचं माप मला पाठ आहे," साडू म्हणाला. "आणि ऐका, तुमच्याकडे आता गिऱ्हाईक येणं अवघड. माझ्याकडे आठवड्यातले काही दिवस येऊन बसा. कोटाचं काम तुम्ही बघा. दुकान तुमचंच आहे."

"येतील ना," बायकोच म्हणाली. "का नाही येणार?"

मग दोघी बहिणी स्वयंपाकघरात गेल्या. साडू समोर बसून बिस्किट बुडवून खात होता आणि मास्तर नवा कोट अंगात घालून ताठ बसले होते. आतून बायकोचा आवाज येत होता. ती आज नवऱ्याबद्दल बोलत होती. "आमच्या ह्यांचं असंच गं. बोलणार नाहीत, पण ऐकतात सगळं. करतात आणि लपवतात. स्वतःचं दुकान बुडालं तरी बेहत्तर, पण धाकटीच्या संसाराला धक्का लागू देणार नाहीत. मीच कधी ओळखलं नाही. कसली मोठी माणसं असतात ना एकेक..."

मास्तर ऐकत होते. या वेळी एक शब्दही त्यांनी सोडला नाही. आणि बरगडीच्या खाली, नेमक्या त्याच जागी, दुखायला लागलं. त्यांनी साडूकडे बघितलं, पण हे त्याच्यामुळे नव्हतं. तो बापडा चहा पीत होता. दुखत होतं ते त्या दुसऱ्या माणसामुळे, जो सगळं ऐकतो, गुपचूप करतो आणि मागे सरतो. बायको आता रोज त्याच्याच ताटात वाढणार होती, त्याच्याकडेच त्या डोळ्यांनी बघणार होती, आणि तो माणूस कधीच या घरात आला नव्हता.